पोळमध्ये मुक्काम: अहमदाबादच्या जुन्या हवेलीत पहिल्यांदा राहणाऱ्यांसाठी

आधी शब्दाचा घोळ मिटवते. मराठीत पोळ म्हणजे देवाच्या नावाने सोडलेला वळू. गुजरातीत पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आतली अख्खी वस्ती: एक मुख्य गल्ली, तिला फुटलेले चार बोळ, एखादं देरासर (म्हणजे जैन मंदिर) किंवा मंदिर, पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा आणि भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरं. रात्री दरवाजा लावला की आतले आत, बाहेरचे बाहेर, अशी ही जुनी व्यवस्था. 'आम्ही अहमदाबादला पोळीत राहिलो' असं मी एकदा ऑफिसात सांगितलं, तर एकीने विचारलं, पुरणाच्या का? तेव्हापासून मी 'पोळमध्ये' म्हणते.

अहमदशाहाने १४११ मध्ये हे शहर वसवलं. त्याच्या कोटाच्या आतल्या भागाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, आणि असा मान मिळालेलं ते भारतातलं पहिलं शहर ठरलं. काही मालकांनी आपल्या हवेल्या दुरुस्त करून चार-सहा खोल्या पाहुण्यांना द्यायला घेतल्या आहेत. मुंबईहून रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण जातात. परत येऊन कुरकुरणारेही बरेच असतात. त्यांची कुरकुर नीट ऐकली की कळतं, त्यांनी मनात हॉटेल बुक केलं होतं आणि वाट्याला घर आलं.

पहिली पायरी: खोलीच्या आधी घर समजून घ्या

पुण्या-नाशकातला वाडा आतून पाहिला असेल तर निम्मं काम झालंय. तो वाडा डोळ्यांसमोर आणा आणि त्याला दोन्ही बाजूंनी दाबा. झाली पोळमधली हवेली. बाहेर ओटलो, म्हणजे आपला ओटा. आत खडकी, म्हणजे देवडीसारखी प्रवेशाची जागा. मग आभाळाकडे उघडा चौक. चौकाला लागून परसाळ, म्हणजे साधारण आपला सोपा. त्याच्या मागे ओरडो, म्हणजे आतली अंधारी खोली. दागदागिने, धान्य, बाळंतपण सगळं तिथे. वर मेडो, म्हणजे माडी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर अगाशी, म्हणजे गच्ची.

ही घरं रुंदीला कमी आणि खोलीला जास्त. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे बाजूला खिडकी नाहीच. उजेड आणि वारा येतो तो दोनच वाटांनी: पुढची गल्ली आणि मधला चौक. एवढं एक ध्यानात ठेवलंत तर खोली घेताना फसणार नाही.

मी फसले होते. चौकाचा फोटो बघून, झोपाळा, कोरीव खांब, तुळशीवर पडलेलं ऊन बघून पैसे भरले. वाट्याला आला तळमजल्यावरचा ओरडो. खिडकी नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि महिना मे. मालकांना म्हटलं, फोटोत तर केवढा उजेड होता! ते अगदी प्रेमाने म्हणाले, "बेन, तो चौक आहे ना, दिवसभर बसा की तिथे." खोटं काहीच बोलले नव्हते. चौकाचा फोटो सगळेच टाकतात. तुम्हाला झोपायचंय त्या खोलीचा फोटो मागणं हे तुमचं काम.

लाकडाबद्दलही थोडं. या घरांचा सांगाडा सागवानी: खांब, तुळया, आणि विटांच्या भिंतीतही ठरावीक अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या. भूकंपात अशी भिंत थोडी हलते, पण विटा एकदम सुटत नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या त्यांत सिमेंटच्या नव्या बहुमजली इमारती ठळक होत्या. तेव्हा 'जुनं घर, पडणार तर नाही ना' ही भीती नीट राखलेल्या हवेलीबाबत बाळगू नका. आगीची भीती मात्र खरी आहे. लाकूड जुनं, वाळलेलं, आणि त्यावरून विजेच्या तारा नंतर ओढलेल्या. त्यावर पुढे बोलूच.

चौकाच्या फरशीखाली बहुतेक वेळा टाकं असतं. अगाशीवर पडलेलं पावसाचं पाणी नळाने खाली आणून या जमिनीखालच्या हौदात साठवायचं. पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचा, मग नळाचं तोंड टाक्याकडे वळवायचं. उजेड आत जात नाही म्हणून पाणी शेवाळत नाही. मालक उत्साही असेल तर झाकण उघडून दाखवतो. जरूर बघा, पण मोबाइल घट्ट धरून.

दुसरी पायरी: फोन करा, नुसतं बटण दाबू नका

बुकिंगच्या ॲपवर 'डीलक्स' आणि 'हेरिटेज' असे दोनच प्रकार दिसतील आणि दोन्हींचा अर्थ काहीही असू शकतो. त्यापेक्षा थेट फोन लावा. चार खोल्यांच्या ठिकाणी फोन मालक किंवा मालकीणच उचलते. हिंदी चालतं, मोडकं गुजराती बोललात तर आवाज लगेच मऊ होतो. पुरुषाला भाई, बाईला बेन, घरातल्या म्हाताऱ्या आजींना बा.

काय विचारायचं? खोली कितव्या मजल्यावर आणि तिची खिडकी कुठे उघडते, हे सर्वांत आधी. गल्लीकडची खोली हवेशीर, पण ओटल्यावरच्या गप्पा आणि दुचाक्यांचे हॉर्न थेट उशीपर्यंत. चौकाकडची खोली देखणी, पण चौक म्हणजे विहीर असतो आवाजाची: खाली कोणी चमचा पाडला तरी वर कळतं. माझं मत विचाराल तर पहिल्या मजल्यावरची चौकाकडची खोली घ्यावी आणि आवाजासाठी कापसाचे बोळे जवळ ठेवावेत.

दुसरा प्रश्न न्हाणीघराचा. हवेल्या बांधल्या तेव्हा खोलीला जोडून संडास-न्हाणी ही कल्पनाच नव्हती. आता जे आहे ते नंतर कुठल्या तरी कोपऱ्यात बसवलेलं. कधी दोन पायऱ्या चढून जावं लागतं, कधी छत इतकं खाली की उंच माणसाने वाकूनच अंघोळ करायची, आणि कधी ते खोलीबाहेर किंवा चक्क खालच्या मजल्यावर. 'अटॅच्ड आहे का' एवढंच विचारू नका. 'खोलीचं दार न उघडता जाता येतं का' असं विचारा. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर किती हेही विचारून ठेवा.

तिसरा प्रश्न जिन्याचा, आणि आई-वडिलांना नेणार असाल तर तो पहिला करा. इथे जिन्याला दादर म्हणतात, आपल्याकडेही जुने लोक लाकडी जिन्याला दादर म्हणायचेच. अरुंद, उभा, अर्धं पाऊल मावेल एवढी पायरी, आणि धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तळमजलाच घ्यावा, अंधारा असला तरी. लहान मूल सोबत असेल तर वरच्या मजल्यावर चौकाभोवतीचा कठडा किती उंच आणि त्याच्या दांड्यांत किती अंतर हे फोटोतून बघून घ्या. जुने कठडे आजच्या मापाने ठेंगणे असतात. तीन वर्षांच्या पोराला घेऊन अशा माडीवर राहायला मी कोणाला सुचवणार नाही. सरळ सांगते.

बाकीचं झटपट: एसी आहे का, नाश्ता दरात धरलाय का, जीएसटी वेगळा का, रात्री दार कधी लागतं, पैसे परत मिळण्याची अट काय. लग्न न झालेल्या जोडप्याने आधीच स्पष्ट विचारलेलं बरं. काही घरं नाही म्हणतात, आणि ते रात्री दहा वाजता दारात कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं चांगलं. आणि एक, हे घर कोणाचं, कधीचं, असंही विचाराच. जिथे मालक पंधरा मिनिटं बोलत सुटतो तिथे राहण्यात मजा आहे. जिथे 'बहोत पुराना है' एवढंच उत्तर येतं तिथे जरा जपून. जुन्या हवेल्यांचे कोरीव खांब आणि दारं विकली जातात, आणि ती आणून नव्या भिंतींना चिकटवलेली 'हवेली'ही असू शकते.

तिसरी पायरी: कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात जाऊ नका, मी गेलेय. या शहराने २० मे २०१६ ला ४८ अंश पाहिलेत. जाड भिंती आणि चौक दुपारपर्यंत गारवा धरतात हे खरं, पण वरच्या मजल्यावरची रात्र तापलेल्या गच्चीखाली काढावी लागते. पावसाळ्यात चौकात पाऊस पडताना बघणं सुरेख, फक्त खोलीतून न्हाणीत जाताना छत्री लागणार नाही ना, तेवढं बघा.

उत्तरायण, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी, हे वेगळंच प्रकरण. तेव्हा अख्खी पोळ अगाशीवर असते. पतंगासाठी गच्च्या भाड्याने जातात, खोल्या महिनोन् महिने आधी भरतात आणि दर चढे असतात. पहिल्याच मुक्कामासाठी मी हे दिवस निवडणार नाही. घर बघायला मिळत नाही, नुसतं आभाळ दिसतं. पण जाणारच असाल तर संध्याकाळी दुचाकीवर मागे बसून फिरू नका. मांज्याने गळा कापतो, ही कल्पित गोष्ट नाही.

चौथी पायरी: दारापर्यंत पोचणं

तिकिटावर स्टेशन कुठलं आहे ते बघा. कोटाजवळचं स्टेशन म्हणजे अहमदाबाद जंक्शन, ज्याला सगळे कालूपूर म्हणतात. काही गाड्या साबरमतीला संपतात. तिथून कोट बराच दूर आहे. मेट्रोची कालूपूर आणि घीकांटा ही भुयारी स्थानकं कोट भागात आहेत, सामान कमी असेल तर चांगली सोय.

रिक्षावाल्याला हवेलीचं नाव सांगून उपयोग नाही. पोळचं नाव आणि वस्ती सांगायची: खाडिया, रायपूर, कालूपूर, शाहपूर, अशी. त्याहून चांगलं म्हणजे पोळच्या नाक्यावरची ठळक खूण. रिक्षा नाक्यापर्यंत येईल, पुढे तुम्ही आणि तुमची बॅग. चाकांची मोठी बॅग गल्लीत गाईच्या आणि स्कूटरच्या मधून ओढताना जो आवाज करते त्याने अख्ख्या पोळला कळतं की पाहुणे आले. पाठीवरची सॅक घ्या. दादरावरही तीच बरी.

फोनवरचा नकाशा इथे दगा देतो. उंच घरांच्या मधल्या बोळात निळा ठिपका शेजारच्या पोळमध्ये उडी मारतो, आणि तुम्ही आणि तुमचं दार यांच्यात एक भिंत असते. मालकाकडून पोळच्या दरवाजाचा फोटो मागवून ठेवा आणि नाक्यावर पोचल्यावर फोन करा. कोणीतरी घ्यायला येतं. नाहीतर ओटल्यावर बसलेल्या काकांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं, तुम्ही किती जण येणार होतात हेसुद्धा.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांना एकच सांगणं: कोटाच्या आत चारचाकी घालू नका. गाडी कुठे लावायची हे मालकाला आधी विचारा, आणि बाहेर लावून रिक्षाने या.

पाचवी पायरी: पोचल्यावरचा पहिला तास

दारातच डोकं सांभाळा. चौकट बुटकी आणि उंबरा उंच, म्हणजे एकाच वेळी वाकायचं आणि पाय उचलायचा. चपला कुठे काढायच्या ते घरातल्यांच्या चपला बघून कळतं. आधारसारखं ओळखपत्र दाखवावं लागतं, सगळ्या मोठ्यांचं.

खोलीत सामान टाकून लोळण्याआधी खोलीबाहेर पडायची वाट एकदा दिव्यात आणि एकदा मोबाइलच्या उजेडात चालून बघा. अगाशीवरून शेजारच्या घरात जाता येतं का हे विचारा. दाट वस्तीत बऱ्याचदा येतं, आणि आगीत तीच दुसरी वाट. अग्निशामक नळकांडं कुठे टांगलंय ते बघा. एका प्लगात तीन गोष्टी खोचू नका. डासांची कॉइल, उदबत्ती, मेणबत्ती लाकडी फळीवर ठेवायची नाही म्हणजे नाहीच. डास असतात, त्यासाठी मलम न्या. ओला टॉवेल कोरीव खांबावर किंवा दारावर टाकू नका, गच्चीवर दोरी असते.

जुन्या दाराला आतून कडी आणि बाहेरून सांकळ असते, कुलूप वेगळं. ते लावून-उघडून बघा, कारण अशी दारं पावसाळ्यात फुगतात आणि रात्री दोन वाजता अडकलेलं दार उघडायची युक्ती शिकायला कोणीच खुशीत नसतं.

सहावी पायरी: घराचे आणि पोळचे रिवाज

गुजरातेत दारूबंदी आहे. बाहेरच्या राज्यातल्या पर्यटकाला परवाना मिळू शकतो, पण पोळमधल्या घरात तो विषय काढूच नका. बरीचशी घरं जैन किंवा वैष्णव. अंडं-मटण बाहेरून आणून खोलीत खाणं म्हणजे यजमानांच्या स्वयंपाकघराचा अपमान. जैन घरात नाश्त्यात कांदा-बटाटाही नसेल, आणि तरी चव कुठे कमी पडणार नाही.

ओटलो ही बसायची जागा आहे, पण तुमच्या हवेलीचा तेवढाच. शेजारच्या ओटल्यावर आधी विचारून बसा. बहुतेक वेळा चहाच मिळतो. उघड्या दारातून आत दिसणाऱ्या बायकांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू नका. पोळमध्ये दिवसभर फेरफटका मारणारे येतात-जातात, आणि लोकांनी सौजन्याने सहन केलेला कॅमेरा आणि त्यांना आवडलेला कॅमेरा यांत फरक असतो. रात्री दहानंतर गच्चीवर मोठ्याने बोलू नका. तुमचा आवाज तीन घरांत जातो, आणि पोळमध्ये मराठी समजणारा कोणी नसेल अशा भ्रमात राहू नका. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतलं, आणि १८१७ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, पेशवे आणि गायकवाड इथला महसूल वाटून खात होते. रायखडला गायकवाड हवेली अजून आहे. आपल्या त्या कारभाराबद्दल इथे फारसं कौतुकाने बोलत नाहीत, तेव्हा 'इथे आमचं राज्य होतं' असं छाती फुगवून सांगायची हौस आवरलेली बरी.

सातवी पायरी: रात्र आणि सकाळ

रात्री माणेक चौकात जा. दिवसा इथे सोन्या-चांदीचा बाजार, दुकानं मिटली की खाण्याच्या गाड्या, आणि गर्दी मध्यरात्र उलटली तरी. खाडिया किंवा मांडवीनी पोळकडे राहत असाल तर चालत पाच-दहा मिनिटं. फक्त निघताना घरच्यांना सांगा, किल्ली मागून घ्या किंवा दार कोण उघडणार ते ठरवा. चार खोल्यांच्या घरात रात्रपाळीचा माणूस नसतो. तुमच्यासाठी जो जागतो तो घरातलाच कोणी म्हातारा असतो.

सकाळी उशिरापर्यंत झोपायचा बेत असेल तर तो दुसरीकडे. पोळ पहाटे उठते: देरासरातली घंटा, लांबून अजान, दुधाच्या किटल्या, पाण्याचे पंप आणि कबुतरं. माझ्या मते हीच वेळ वसूल करायची. सहा-साडेसहाला चहा घेऊन अगाशीवर जा. नंतर महापालिकेचा हेरिटेज वॉक करा; १९९७ पासून चालू आहे, सकाळी कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघतो आणि पोळांमधून फिरत जामा मशिदीपाशी संपतो. मंदिर १८२२ चं, ब्रह्मी सागवानाचं रंगीत कोरीवकाम. मशीद १४२४ ची, आणि आत २६० खांब. आदल्या रात्री ज्या घरात झोपलात त्याचेच खांब, चौक, टाकं वाटेत पुन्हा पुन्हा भेटतात, आणि मग कुठलं घर नीट राखलंय, कुठलं कुलूप लावून सोडलंय, हे न सांगता कळायला लागतं. परत येऊन नाश्ता करा, तोपर्यंत यजमानबेनचीही अंघोळ-पूजा झालेली असते. पहाटे सहाला पोहे मागू नयेत.

एक रात्र कमी पडते. पहिली रात्र आवाजांची सवय होण्यात जाते. दोन रात्री राहा. तिसरी राहणार असाल तर एक दिवस नदीपलीकडे गांधीजींच्या साबरमती आश्रमाला द्या.

निघताना

परतीची गाडी रात्रीची असेल तर खोली सोडून सामान खडकीत ठेवू देतात, विचारलं की झालं. संध्याकाळी रतनपोळ आणि रिलीफ रोडचा भाग साड्या-खरेदीच्या गर्दीने तुंबतो, आणि नाक्यावर रिक्षा मिळाली तरी ती हलत नाही. सामान कमी असेल तर जवळच्या मेट्रो स्थानकापर्यंत चालत जाणं सरस. नाहीतर स्टेशनसाठी चांगला तासभर हाताशी ठेवा. पैसे यूपीआयने देता येतात, पण घरकाम करणाऱ्या मावशींना द्यायचे ते हातात द्या, यजमानांच्या खात्यात नाही.

आणि बॅग घेऊन दादर उतरताना आपण नेहमी उतरतो तसं तोंड पुढे करून उतरू नका. बॅग आधी दोराला बांधून किंवा कोणाच्या हाती खाली द्या, मग जिन्याकडे तोंड करून, शिडी उतरतात तसे, दोर धरून या.